सन्मानपत्राची एक प्रत फाइलला लावा

मार्च जवळ आला की या सदराच्या टपालात कार्यालयांतून आलेली पत्रं वाढतात. या अंकासाठी ठाणे आणि नवी मुंबईतले सहा प्रश्न निवडले आहेत. काही पत्रं लांब होती, त्यांतला प्रश्न तेवढा ठेवला आहे.

महाप्याच्या आमच्या कंपनीत १८० माणसं आहेत, त्यांत ४२ बायका. दरवर्षी ८ मार्चला गुलाब, एका रंगाच्या साड्या आणि पाककृती स्पर्धा असते. यंदा वरून निरोप आहे की महिलांच्या कर्तृत्वाचा सन्मान करा. हातात दीड महिना आहे. सुरुवात कुठून करू?
मनुष्यबळ विभागातील वाचक, महापे

दीड महिना पुरेसा आहे. फक्त पहिला आठवडा हॉल आणि केटररच्या फोनाफोनीत घालवू नका, आधी नामांकनाचा अर्ज करा. एक पान, चार प्रश्न: काम कोणतं केलं, त्याआधी काय अडत होतं, नंतर काय बदललं (आकडा देता आला तर आकडा), आणि हे आणखी कोणाला माहीत आहे. स्वतःचं नाव स्वतः देता येईल, हे अर्जावर ठळक छापा. ते छापलं नाही तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून निम्म्या जणी गप्प बसतात आणि नावं येतात ती साहेबांच्या केबिनशेजारच्या टेबलांवरचीच.

ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई, सुरक्षा आणि कँटीनच्या बायकाही पात्र धरा. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांचं तोंडी ऐकून कोणीतरी अर्ज भरावा आणि भरलेला अर्ज त्यांना वाचून दाखवावा. निवड पाच जणांनी करावी, त्यांतला एक तरी शॉप फ्लोअरवरचा असावा, आणि ज्याच्या हाताखालची व्यक्ती यादीत आहे त्याने त्या नावापुरतं बाजूला बसावं. ही अट आधी सांगितलेली बरी. निकालानंतर सांगितली तर ती रुसवेफुगवे झाकण्यासाठी काढली असं वाटतं.

मग मानपत्राचा मजकूर. गडबड होते ती इथेच. ‘घर आणि नोकरी ही तारेवरची कसरत हसतमुखाने पार पाडणाऱ्या’ अशी सुरुवात झाली की पुढचं काम कितीही मोठं असो, ते त्या हसऱ्या मुखामागे जातं. पुरुष सहकाऱ्याच्या मानपत्रात जे वाक्य घातलं नसतं, ते खोडा. उरेल ते काम नीट मांडा. हा एक नमुना: ‘भांडारात मुदत उलटलेला कच्चा माल दर महिन्याला फेकावा लागत होता. यांनी प्रत्येक पोत्यावर मुदतीच्या महिन्याची रंगीत पट्टी लावायला सुरुवात केली आणि जुना माल दाराशी, नवा आत अशी मांडणी बसवली. आधीच्या सहा महिन्यांत ३१ पोती फेकली होती, नंतरच्या सहा महिन्यांत २.’ यात विशेषण एकही नाही, तरी वाचणाऱ्याला बाई किती कामाची आहे ते कळतं.

कार्यक्रम दुपारी ३ ते साडेचार ठेवा. सहानंतर ठेवलात तर कोपरखैरण्याहून ठाणे आणि ठाण्याहून कल्याण-बदलापूर अशी गाडी बदलणाऱ्या जणी भाषण सुरू असतानाच पर्स उचलतात, आणि ज्यांच्यासाठी समारंभ त्याच फोटोत नसतात. रांगोळी, चहा, निवेदन ही कामं यंदा पुरुष सहकाऱ्यांच्या नावे वाटा. सत्काराची तयारी सत्कारमूर्तींनीच करायची, हे आता थांबायला हवं.

एक उदाहरण जवळचंच आहे. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन चालवली. महिला दिनाला त्यांच्या हाती मानाची गाडी आली, तीही बोरघाट उतरून जाणारी. पुढे १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारतही आणली. तुमच्या कंपनीतली ‘डेक्कन क्वीन’ कोणती ते शोधा. ग्राहकाच्या ऑडिटला कोण उभं राहतं, नव्या मशीनच्या चाचणीच्या अहवालावर कोणाची सही असते, किती रुपयांपर्यंतची खरेदी कोण मंजूर करतं? अशी एक जबाबदारी त्या दिवशी लेखी द्या. शाल दिली नाही तरी चालेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मानपत्राची एक प्रत वैयक्तिक फाइलला लागली पाहिजे. बऱ्याच कंपन्यांत पगारवाढीची बैठक एप्रिलच्या आसपास असते. मार्चमध्ये टाळ्या घेतलेलं काम त्या बैठकीच्या कागदांत नसेल, तर त्या टाळ्यांचा उपयोग काय? ठेक्यावरच्या बायकांसाठी दोन प्रती काढा, एक ठेकेदाराला, एक तिला, दोन्ही कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह. ठेका बदलला की नवा ठेकेदार बाईला पहिल्या दिवसापासून ‘नवीन’ धरतो. त्या वेळी अनुभवाचा पुरावा म्हणून हाच कागद कामी येतो.

आमच्या कार्यालयात संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान हळदीकुंकू असतं. दोन सहकारी विधवा आहेत, एक ख्रिश्चन. तिघी त्या दिवशी न चुकता रजा टाकतात. बंद करा म्हटलं तर बाकीच्या दुखावतात.
वाचक, वाशी

बंद करायची गरज नाही, बदलायची आहे. सूचनेतून ‘सौभाग्यवती’ हा शब्द काढा आणि कार्यक्रमाला तिळगूळ समारंभ म्हणा. वाण सगळ्यांना द्या, पुरुषांनाही. हळदीकुंकवाची कोयरी टेबलावर ठेवा, ज्यांना हवं त्या घेतील. कोणी कोणाला लावायला जायचं नाही, म्हणजे कोणाला वगळायचा प्रसंगच येत नाही. हे बदल आधी त्या तिघींना वेगवेगळं भेटून सांगा. तरीही यावंसं वाटलं नाही तर आग्रह नको.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. अख्ख्या गावाने मनावर घेतलेली गोष्ट वाशीतल्या एका मजल्याला जड जाऊ नये.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी पाच वर्षं गुणवत्ता तपासनीस आहे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझ्याच बरोबर लागला, काम तेच. त्याला चार-साडेचार हजार जास्त मिळतात. विचारलं तर सांगतात, ‘त्याचं पद सीनियर आहे.’ कायदा काय म्हणतो?
वाचक, ठाणे

पदाच्या नावाने कायद्याचं समाधान होत नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. आता ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाली आहे. पाहायचं असतं ते हे की कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का आणि कामाची परिस्थिती सारखी आहे का. मुंबईतल्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीच्या प्रकरणात महिला लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. त्या वरिष्ठांच्या गोपनीय कामासाठी नेमलेल्या आहेत, युनियनशी करार झालेला आहे, कंपनीला परवडत नाही, अशी कारणं पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती मानली नाहीत.

पण कायद्याचा आधार आहे म्हणून तावातावाने केबिनमध्ये जाऊ नका. आधी एक तक्ता करा. एका रकान्यात तुमचं काम, दुसऱ्यात त्याचं. कोणते सुटे भाग तपासायला येतात, मोजमाप कशाने करता (व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज), पाळीला किती लॉट होतात, अहवालावर सही कोणाची, माल परत आला तर ग्राहकाकडे कोणाला पाठवतात, रात्रपाळी कोणाला. खाली शिक्षण, रुजू झाल्याची तारीख, एकूण अनुभव. प्रामाणिकपणे भरा. तो ग्राहकाकडे जात असेल आणि तुम्ही जात नसाल, तर तो फरक खरा आहे. मात्र तुम्हाला कधी पाठवलंच नाही की तुम्ही नकार दिलात, हेही तिथेच लिहा.

पगाराची तुलना हातात पडणाऱ्या रकमेवरून करू नका, तिथे हमखास चूक होते. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही. पुरुषांच्या पगारातून १०,००० च्या वर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. त्यात कोणाचा कर्जाचा हप्ता, कोणाचा ओव्हरटाइम. म्हणून मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि इतर ठरावीक भत्ते एवढंच ओळीने मांडा. सहकाऱ्याची पगारपावती त्याला न विचारता फोटो काढून लावू नका. आपली मांडा आणि फरकाचा आधार कंपनीला विचारा.

पाच वर्षांत चार-साडेचार हजारांचा फरक कसा पडतो, तेही पाहा. रुजू होताना ‘आधीचा पगार किती?’ विचारून तुम्हाला २२,००० दिले आणि त्याला २५,०००, असं समजू. दोघांना दरवर्षी सारखीच ८ टक्के वाढ मिळाली, म्हणजे वरवर पाहता भेदभाव कुठेच नाही. पाच वर्षांनी तुम्ही ३२,३२५ वर आणि तो ३६,७३३ वर असतो. ३,००० चा फरक ४,४०८ झाला. त्यामुळे ‘माझी वाढ कमी का’ असं विचारलंत तर कंपनी सरळ सांगेल की वाढ सारखीच आहे. ‘सुरुवातीचा पगार कशावरून ठरवला’ हे विचारा.

पत्र एका पानाचं असावं, तक्ता जोडलेला, उत्तरासाठी १५ दिवस, आणि पोच घेतलेली. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर युनियन असल्यास युनियनमार्फत, नसल्यास कामगार आयुक्तालयाच्या ठाणे कार्यालयात अर्ज करा. संहितेनुसार दावा तीन वर्षांच्या आत करायचा असतो, तेव्हा पुढच्या वाढीची वाट पाहत वर्षं घालवू नका. आणि सहकाऱ्याला ही भीती असेल की बरोबरी करायची म्हणून त्याचा पगार खाली आणतील, तर त्याला सांगा की कायद्याने ते करता येत नाही. बऱ्याचदा हे कळल्यावर तोच साक्षीला उभा राहतो.

२६ आठवड्यांची प्रसूती रजा संपवून ऐरोलीच्या कार्यालयात परतले. मूल्यांकनात ‘सरासरी’ शेरा आणि पगारवाढ शून्य. ‘वर्षात सहाच महिने होतात’ हे कारण. मैत्रीण कंत्राटावर आहे, तिला तर रजाच नाही म्हणतात.
वाचक, ऐरोली

सहा महिने काम केलंत तर सहा महिन्यांचं मोजमाप व्हायला हवं. वर्षाचं उद्दिष्ट २४० प्रकरणांचं असेल तर तुमचं १२०. तुम्ही १३२ पूर्ण केली असतील तर ते ११० टक्के आहे. २४० पैकी १३२ म्हणजे ५५ टक्के असा हिशेब लावला की चांगलं काम करणारी बाई ‘सरासरी’ होते. रजेवर असताना नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या दिशेने बदलायला कायद्याने मनाई आहे. मूल्यांकनाच्या फेरविचारासाठी अर्ज करा, त्यात हा हिशेब महिन्यांसह मांडा आणि रजेआधीच्या कामाचे ईमेल जोडा.

ज्यांची रजा अजून सुरू व्हायची आहे त्यांनी निघण्याच्या आठवड्यात दोन कागद करून घ्यावेत. एक, सोपवलेल्या कामांची यादी, तारखेसह. दुसरा, तोपर्यंतच्या कामाचा वरिष्ठांचा लेखी शेरा. सहा महिन्यांत वरिष्ठ बदलतात आणि नव्या माणसाकडे तुमची काहीच माहिती नसते.

मैत्रिणीचं उत्तर असं. अपेक्षित प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर प्रसूती लाभाचा हक्क येतो, नोकरी कायम असो वा कंत्राटी. कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी लाभ पूर्ण मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यांतले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, उरलेले जन्माचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. पगार दरमहा २१,००० पर्यंत असून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर हा लाभ ईएसआयसी देते, त्यामुळे ‘आम्हाला परवडत नाही’ हे कारण ठेकेदाराला देता येत नाही. परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं.

एक गोष्ट कायद्यात नाही, पण आग्रहाने मांडावीशी वाटते. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर. ती मागून घ्या. बाप रजा घेऊ लागले की मुलाखतीत एकट्या मुलीकडे पाहून ‘लग्न झालंय का’ विचारण्याचं कारणच उरत नाही.

घणसोलीच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीची सक्ती करता येते का?
वाचक, ठाणे (पूर्व)

नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम देण्यासाठी तिची संमती लागते. शिवाय सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन लागतं. ‘दारापर्यंत’ म्हणजे कोपरी पुलाखाली नव्हे. रुजू होताना सगळ्यांच्या कागदांबरोबर सही करून घेतलेली संमती ही निवड म्हणता येणार नाही, म्हणून दर पाळी बदलाला वेगळी संमती मागा. वाहनाचा मार्ग असा आखायला सांगा की शेवटी उतरणारी बाई एकटी राहणार नाही. तसं होत असेल तर सुरक्षारक्षक सोबत हवा.

खारघरमधल्या सात जणांच्या छोट्या कार्यालयात मी काम करते. मालकच अंगचटीला येतात, घाणेरडे संदेश पाठवतात. ‘आमच्याकडे समिती नसते, दहापेक्षा कमी माणसं आहेत’ असं ते स्वतःच सांगतात. कुठे जाऊ?
वाचक

दहा किंवा अधिक माणसांच्या जागी अंतर्गत समिती लागते हे खरं. पण त्यापुढचं तुमचे मालक सांगत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार लहान कार्यालयांसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार मालकाविरुद्ध असेल तर कार्यालयात शंभर माणसं असली तरी तिथेच जायचं.

नवी मुंबईत इथे एक घोळ होतो. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, तळोजा हा भाग रायगडात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असतं, म्हणून खारघरची तक्रार ठाण्याला जाते आणि परत येते. त्यात आठवडे जातात. कामाची जागा ज्या जिल्ह्यात, समिती तिथली. तुमच्यासाठी रायगड. अलिबागला खेप घालायलाच हवी असं नाही. तालुका आणि महापालिका पातळीवर समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, त्यांनी तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. पनवेलमध्ये चौकशी करा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते.

मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन वाढवू शकते. तक्रारीत ‘वर्तन असभ्य होतं’ असं लिहू नका. तारीख, वेळ, जागा, आणि तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहा. ते लिहिताना लाज वाटते, हात अडतो, पण नेमके शब्द नसले की चौकशीत ‘मी तर कौतुक केलं’ म्हणायला वाव राहतो. फोनमधले संदेश पुसू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, पूर्ण संभाषण दुसऱ्या ठिकाणी साठवा आणि फोन बदलायचा असेल तर चौकशी संपेपर्यंत जुना जपून ठेवा. साक्षीदारांची नावं आणि पत्ते द्या. घटनेनंतर तुम्ही ज्या मैत्रिणीला रडत फोन केलात, तीही साक्षीदार होऊ शकते.

चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तोवर तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते आणि ती तुमच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. तडजोड तुमच्या मागणीवरूनच होऊ शकते आणि पैसे देऊन मिटवायला कायद्याने मनाई आहे. सिद्ध झालं नाही तर उलट माझ्यावरच कारवाई होईल, ही भीती पुष्कळजणींना मागे खेचते. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. पोलिसांत गुन्हा नोंदवण्याचा मार्ग याबरोबरच खुला आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ त्यासाठी आहे. एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. तुम्ही सात काढा. सातवीवर तारखेसह पोच घ्या आणि ती कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये नको, घरी ठेवा.